फोमच्या बाहुल्याचं तोंड मिटत नाही? गोंदाची ट्यूब जरा बाजूला ठेवा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की एकदा आणि गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस पुन्हा एकदा, असे वर्षातून दोन हंगाम आमच्या जेवणाच्या टेबलावर आ वासलेले बाहुले जमतात. बालवाडीच्या ताईंचं अस्वल, सोसायटीच्या कार्यक्रमातले आजोबा, कुणाच्या तरी लेकीने शाळेच्या प्रकल्पासाठी केलेला हिरवा बेडूक. सगळे फोमवर फ्लीस, म्हणजे लव असलेलं मऊ कापड, चढवून घरीच बनवलेले आणि सगळ्यांची तक्रार एकच, की तोंड मिटत नाही. घेऊन येणाऱ्याने बहुतेक वेळा आधीच त्यात अर्धी ट्यूब गोंद ओतलेला असतो.

हे काम करता करता एक गोष्ट पक्की कळली. गोंद सुटला म्हणून तोंड उघडं राहिलं, असं क्वचितच होतं. होतं ते उलटं. कुठून तरी ओढ बसते, तोंड उघडं राहतं, चालवणारा अंगठ्याने जोर लावून ते मिटत राहतो आणि त्या जोराने गोंद सुटतो. ओढ तशीच ठेवून पुन्हा चिकटवलं तर चार प्रयोगांत ते त्याच जागी सुटणार.

पुढचं नीट कळावं म्हणून भागांची नावं ठरवून घेऊ. तोंडाच्या आतली दोन अर्धगोल टणक पानं म्हणजे माऊथप्लेट. ती जिथे दुमडतात ती रेघ म्हणजे बिजागरी. त्याभोवती फोमचं डोकं, डोक्यावर फ्लीसची कातडी आणि गळ्याखाली आपला हात झाकणारी बाही.

लक्षणं

ही दिसतात ती अशी. हात बाहेर काढून ठेवला तरी बाहुला दोन बोटं तोंड उघडून बसतो. "मामा, पापड भाजा" हे वाक्य म्हणायला लावलं की "आआ, आअड आजा" असं दिसतं. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ टेकावे लागतात, म्हणून मी चाचणीला हेच वाक्य ठेवलं आहे. दहा मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. बोलताना खालचा जबडा जागेवर राहतो आणि कपाळच वर उडतं, मग बाहुला प्रेक्षकांऐवजी पंख्याकडे बघून बोलतो. तोंडाच्या कोपऱ्यात फ्लीस सुटून फोम दिसतो, नेहमी कोपऱ्यातच, ओठाच्या मध्यावर सहसा नाही. कधी जबडा एका बाजूला तिरका मिटतो.

यातलं एक दिसलं तरी आधी फुकटात होणारी तपासणी करा. तिला दोन मिनिटंही लागत नाहीत.

तीन स्थिती

बाहुला टेबलावर आडवा ठेवा, हात न घालता. मग हातात घालून कोपर वाकवा आणि छातीसमोर धरा. मग हात पूर्ण वर करा, पडद्याआडून खेळ करताना धरतो तसा. तिन्ही वेळा तोंड किती उघडं राहतं ते मोबाईलवर बाजूने टिपून ठेवा, कारण चालवणाऱ्याला स्वतःला ते दिसत नाही.

टेबलावर पडलेलाच आ वासत असेल तर दोष बाहुल्याच्या अंगात आहे, म्हणजे बिजागरी, कातडी किंवा फोम. टेबलावर तोंड मिटलेलं आणि हातात घातल्यावर उघडं, तर पकड चुकते आहे. छातीसमोर ठीक आणि हात वर नेल्यावरच जबडा खाली ओढला जात असेल तर बाही आखूड आहे. एवढं कळलं की निम्मं काम झालं. माझ्याकडे आलेल्या कित्येक बाहुल्यांना सुई लावायचीही वेळ आली नाही.

हात कुठवर जातो

बिजागरी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात टेकली पाहिजे. ती बेचक्याच्या पुढे राहिली तर चार बोटांची फक्त पेरं वरच्या पानावर येतात आणि तोंड मिटायला जोर उरत नाही. बनवणाऱ्या काकूंचा हात लहान आणि चालवणारा दहावीतला मुलगा, हे हमखास घडतं. त्याच्या तळव्याची रुंदी मानेत अडकते, हात पुढे जातच नाही आणि सगळा दोष बिचाऱ्या गोंदावर येतो. मानेचा फोम आतून ब्लेडने थोडा खरवडला की जागा होते. कातडी उसवायची गरज नसते.

कपाळ उडत असेल तर तो बाहुल्याचा दोष नाहीच, सवयीचा आहे. आपण बोलताना खालचा जबडा हलवतो. बाहुल्यातही चार बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा असतो. नवशिक्यांची चारही बोटं वर उडतात. आरशासमोर बसून वरची बोटं दुसऱ्या हाताने धरून ठेवा आणि नुसता अंगठा हलवून एक ते शंभर म्हणा. कंटाळवाणं आहे, पण उपाय हाच.

बोटांची पकड

हात बरोबर जातो, पण बोटं घसरतात. असं असेल तर माऊथप्लेटच्या मागच्या, म्हणजे हाताकडच्या बाजूला पकड नाही. घाम आला की गुळगुळीत पुठ्ठ्यावर बोट टिकत नाही, मग माणूस मूठ आवळतो आणि पान वाकतं.

वरच्या पानावर बोटांसाठी रुंद इलॅस्टिकची एक पट्टी आडवी शिवा आणि खालच्या पानावर अंगठ्यासाठी छोटा खिसा. जुन्या मोज्याची टाच कापली की अंगठ्याचा तयार खिसा मिळतो. पट्टीची टोकं नुसती चिकटवू नका, पानाला टोच्याने भोकं पाडून टाके घ्या. तोंड उघडताना सगळी ओढ याच पट्टीवर येते आणि नुसता गोंद ती फार दिवस सोसत नाही. खर्च वीस-पंचवीस रुपये. इथे थांबून "मामा, पापड भाजा" पुन्हा म्हणून बघा.

बाही

हात वर नेल्यावरच तोंड उघडत असेल तर बाहीची शिवण गळ्याभोवती सगळीकडून पक्की केलेली असते. कोपर सरळ झालं की कापड खाली जातं आणि सोबत हनुवटीला घेऊन जातं. पुढच्या बाजूची, हनुवटीखालची चार-पाच इंच शिवण उसवा आणि तेवढा भाग सैल सोडा. मागे मानेला शिवण राहू द्या. पुढची फट शर्टाच्या कॉलरमागे किंवा मफलरमागे लपते. सोसायटीच्या आजोबांना मी उपरणं घातलं आणि ते आधीपेक्षा रुबाबदार दिसायला लागले.

बिजागरी

आता बाहुल्याच्या तोंडात बॅटरी मारून बघा. बिजागरीच्या तीन व्याधी आहेत.

पहिली पुठ्ठ्याची. घरात असतो म्हणून लोक पुठ्ठा वापरतात आणि पहिले काही दिवस तो छान चालतो. पण हाताचा घाम आणि पावसाळी हवा मिळून तो मऊ पडतो, थर सुटतात. बोटाने दाबल्यावर पान कागदासारखं लवत असेल तर ते गेलं. प्लंबर वापरतात तसं पातळ रबरशीट किंवा जुन्या प्लास्टिक फाइलचं जाड पान टिकतं.

दुसरी फटीची. दोन पानं अगदी खेटून ठेवली आणि त्यांना दोन्ही बाजूंनी टेप मारली, तर दुमडताना पानांच्या कडा एकमेकींना अडवतात. दारात खडा अडकल्यावर दार लागत नाही, तसं. पानाच्या जाडीच्या दुप्पट फट ठेवायची. पान २ मि.मी. जाड असेल तर फट ४ मि.मी. टेपऐवजी जाड सुती कापडाची पट्टी लावा. टेपचा चिकटा उन्हाळ्यात सरकतो.

तिसरी व्याधी अस्तराची. तोंडाच्या आत लाल किंवा काळं कापड लावतात, ते पानं सपाट उघडी ठेवून चिकटवलेलं असतं. दुमडल्यावर त्याची घशाशी गुठळी होते आणि तोंड तेवढं उघडं राहतं. अस्तर घशाशी सोडवा, पानं दुमडलेल्या स्थितीत आणा, कापड घडीत दाबून पुन्हा चिकटवा. जाड फेल्ट असेल तर काढूनच टाका, साधं पॉपलीन लावा.

कातडीची ओढ

घरगुती बाहुल्यांचा खरा रोग इथे असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तोंड उघडलं की बिजागरीमागचा माल, म्हणजे गालाचा आणि मानेचा फोम आणि त्यावरची फ्लीस, आत दबतो. तोंड मिटलं की तोच माल ताणला जातो. आता आपण कातडी चढवतो कधी? तोंडाची कड नीट दिसावी, हात आत जावा, म्हणून तोंड पूर्ण उघडं ठेवून. फ्लीस छान ओढून, एकही सुरकुती न ठेवता चिकटवतो. उघड्या स्थितीत घट्ट बसलेली कातडी मिटताना अजून ताणावी लागते. ती ताणायला तयार नसते आणि बाहुला जन्मभर आ वासतो. कातडी तोंड मिटून चढवली तर उलटं होतं. मिटलेली स्थिती आरामाची ठरते, उघडायला किंचित जोर लागतो आणि अंगठा सैल सोडला की तोंड आपोआप मिटतं.

ओळखायचं कसं? तोंड हाताने मिटून धरा आणि कोपऱ्यामागे गालावर चिमटा काढा. फ्लीस चिमटीत येत नसेल, ढोलकीच्या पानासारखी टणटणीत असेल, तर ओढ तिथेच आहे. दुसरी खूण कानापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या ताणाच्या रेघांची.

फ्लीसची दिशाही बघा. हे मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं नव्हे, स्वेटरसारखं फासे गुंफून केलेलं कापड आहे, आणि सहसा ते आडवं, म्हणजे एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जास्त ताणतं. उभ्या बाजूने फार कमी. जास्त ताणणारी बाजू गालावरून वरून खाली, म्हणजे वरच्या ओठाकडून हनुवटीकडे यायला हवी, कारण मिटताना तिथेच लांबी लागते. जुनं फ्लीसचं ब्लँकेट कापून बाहुले करतात तेव्हा काठच उरलेला नसतो. मग तुकडा दोन्ही दिशांनी ओढून ठरवायचं आणि मागे खडूने बाण काढायचा.

उपाय म्हणून सगळी कातडी उतरवू नका. दोन्ही गालांवर, ओठाच्या कोपऱ्यामागे चार से.मी. आडवी शिवण उसवा किंवा शिवण नसेल तर आडवा काप द्या. तोंड मिटून धरा, काप आपोआप डोळ्यासारखा उघडेल. जेवढा उघडला तेवढी कळी घाला, कुर्त्याच्या काखेत घालतात तशीच, त्याच फ्लीसची, चौफेर शिवणीसाठी अर्धा से.मी. माया ठेवून. लपत्या टाक्यांनी शिवा आणि मग सुईच्या टोकाने लव ओढून शिवणीवर घ्या. फ्लीसची लव टाके गिळते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. दोन्ही कळ्या एकाच मापाच्या हव्यात, नाहीतर जबडा तिरका मिटेल. बेडकाच्या वेळी माझ्याकडून एक कळी मोठी झाली आणि तो आठवडाभर कुत्सित हसत होता. मुलीला तेच आवडलं, म्हणून तसाच ठेवला.

फोम

कळी घालूनही तोंड एक बोट उघडं राहिलं तर फोम जाड आहे किंवा चुकीचा आहे. मध्यम डोक्याला १२ मि.मी. पुरतो. गादीवाल्याकडे २५ मि.मी.चा तुकडा सहज मिळतो म्हणून तोच वापरतात आणि तो स्प्रिंगसारखा उसळतो. दुकानात ३२ किंवा ४० डेन्सिटी विचारतात. हा आकडा एका घनमीटरचं वजन किलोत सांगतो, मऊपणा नाही. मऊपणा चिमटीत दाबूनच कळतो. रिबाँडेड नको, तो तुकडे दाबून केलेला असतो आणि दगडासारखा बसतो. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा पॅकिंगचा फोमही नको, त्याला पडलेली घडी परत जात नाही.

आहे त्याच फोमला सैल करायचं तर आतून बिजागरीमागे ब्लेडने दोन-तीन आडवे काप द्या, अर्ध्या जाडीपर्यंत. तोंड मिटताना काप उघडतात आणि ओढ मोडते. ब्लेड नवं हवं. कात्रीने कापू नका, ती फोम आधी चेपते आणि मग तिरका कापते.

आणि मग गोंद

आता ट्यूब उघडा. ओढ गेली असेल तर सुटलेली कड एकदाच चिकटवावी लागते.

चपलांना लावतात ते रबराचं सोल्यूशन किंवा सुतारांकडचा एसआर, म्हणजे कृत्रिम रबराचा गोंद. दोन्ही पृष्ठांवर पातळ हात फिरवायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट टेकवल्यावर तार येईनाशी झाली की दाबायचं. ओलं असतानाच दाबलं तर आतला द्रव अडकून राहतो आणि जोड कच्चा होतो. फोम पहिला हात पितो, त्याला दुसरा द्या. जुलैत आमच्याकडे भिंतींना पाणी सुटतं, तेव्हा हाच गोंद दगा देतो. द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि न दिसणारा ओलावा दोन थरांच्या मध्ये राहतो. अशा दिवसांत मी दुपारी, पंखा लावून, जास्त वेळ थांबून चिकटवते. संततधार असेल तर चिकटवतच नाही.

पांढरा फेव्हिकॉल कोपऱ्यात वाळून कडक होतो आणि दुमडताना तडकतो. झटपट चिकटणाऱ्या थेंबाने फ्लीसचा काचेसारखा डाग होतो. ग्लूगनच्या गाठी अंगठ्याला टोचतात, आणि बाहुला उन्हात गाडीत राहिला तर मऊ पडून सुटतात. सोल्यूशनला थर्माकोलच्या गोळ्यांपासून मात्र लांब ठेवा, थर्माकोल त्यात विरघळतो. एका अस्वलाचा डोळा मी असाच घालवला आहे.

हा गोंद पेटतो. खिडकी उघडी, गॅस बंद, देवापुढचं निरांजनही विझलेलं. मुलांच्या हाती द्यायचा नाही. डोकं जड झालं, चक्कर आली, तर काम तिथेच टाकून मोकळ्या हवेत जा.

कुठे थांबायचं

एकच जागा दोनदा चिकटवून दोनदा सुटली तर तिसऱ्यांदा गोंद लावू नका. ओढ अजून सापडलेली नाही. जुन्या गोंदाचा थर जितका वाढेल तितका पुढच्या माणसाला त्रास.

फोम दाबल्यावर बोटांना पिवळी भुकटी लागली तर दुरुस्ती नाही. पॉलियुरेथेन फोम उन्हाने, दमटपणाने आणि वयाने सडतो आणि त्याला परत जीव आणता येत नाही. कातडी अलगद उसवून ठेवा, तिच्यावरून साचा काढून आत नवं डोकं बसवता येतं. पण साचा काढून त्रिमितीत फोम जुळवणं पहिल्यांदाच करत असाल आणि बाहुला आठवणीचा असेल, तर बाहुल्या बनवणाऱ्याकडे द्या. माऊथप्लेट रबराची करून तिला मशीनचे टाके हवे असतील तर चपला शिवणारे काका किंवा रेक्झिनच्या पिशव्यांचा कारखाना ते काम पाच मिनिटांत करतो. घरच्या शिलाई मशीनवर प्रयत्न केला तर सुई तुटेल.

हात न लावायच्या गोष्टी वेगळ्या. जबडा आत दोरीने किंवा खटक्याने हलत असेल, रामदास पाध्यांच्या अर्धवटरावासारखा, तर वर सांगितलेलं त्याला लागू नाही. त्यात फोम ताणत नाही, यंत्र ओढतं. पापण्या हलणारे बाहुलेही तसेच. आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या चामड्याच्या किंवा लाकडी कळसूत्री बाहुल्या कुणाच्या घरी असतील तर त्यांवर सोल्यूशनचा थेंबही नको, ते काम त्या परंपरेतल्या माणसांचं.

सगळं ठीक करूनही अंगठा दुखत राहिला, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर बाहुला ठेवा आणि डॉक्टरांना हात दाखवा.

कारागिराकडे जाताना उरलेल्या फ्लीसचा तुकडा न्या, कारण त्याच रंगाची फ्लीस पुन्हा मिळत नाही. कुठला गोंद वापरला ते चिठ्ठीवर लिहून बाहुल्याच्या बाहीत ठेवा. आणि बाहुला चालवणाऱ्यालाच सोबत न्या, माप त्याच्या हाताचं घ्यायचं असतं.